डावीकडचे आटे

रविवारी अंधार पडायच्या आत एलिएसेरने डोंगर सोडायचा, असा डोंगरातल्या बंदूकवाल्यांचा निरोप आला. निरोपात माझं नाव नव्हतं, मुलीचंही नव्हतं. आम्ही मायलेकींनी मागे राहायला त्यांची हरकत नव्हती, एवढी मेहेरबानी.

एलिएसेर म्हणजे माझा नवरा. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, आमच्याकडे सगळ्याच बायका करतात. सांगताना करत नाही. त्याचा गुन्हा असा, की खालून गस्तीला आलेल्या सैनिकांना त्याने आमच्या ओट्यावर बसवून गुळाचं पाणी दिलं. दिलं हे खरं. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला गुळाचं पाणी विचारतातच. त्याआधी त्यांनाही दिलं होतं आणि त्यांच्यातल्या एकाने तर आणखी मागून घेतलं होतं. पण बंदूक घेऊन आलेल्या माणसाला तो किती पेले प्यायला याची आठवण कोण करून देणार.

कॉफी लाल होऊन झाडांना लगडली होती. ती तशीच सोडायची होती. आमच्याआधी ओब्दुलियो मारुलांदाला असाच निरोप आला, तेव्हा त्याने तेवढी तोडणी उरकू द्या म्हणून चार दिवस मागितले. त्यांनी त्याला त्याच्याच हिरव्या जीपमध्ये बसवून सान रोकेच्या वळणावरून दरीत लोटलं, आणि खाली कोणी उतरायचं नाही असं घरोघर सांगितलं. त्याची बायको वळणावर येऊन फुलं टाकायची आणि निघून जायची. पुढे तीही डोंगर सोडून गेली. म्हणून एलिएसेर तोडणीचं नाव काढत नव्हता. फक्त जाता-येता एखादी फांदी हातात घेऊन सोडून द्यायचा.

सामान बांधताना शेजारचं कोणी आलं नाही. लिगिया तेवढी कुंपणापलीकडे उभी राहिली आणि म्हणाली, "नूबिया, केळीचे घड नेणार आहेस का?" नाही म्हटल्यावर ती कोयता आणायला गेली. मला तिचा राग आला, पण मी तिच्या जागी असते तर मीही हेच विचारलं असतं, आणि तेच जास्त झोंबलं.

आर्सेसियो मात्र आला. आमच्या लुस दारीला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर त्याने धरलं होतं, तेव्हापासून तो आमचा कोम्पाद्रे आणि मी त्याची कोमाद्रे. त्याची विलीस जीप माझ्या नवऱ्यापेक्षा वयाने मोठी होती. पिवळीधमक, म्हणून तिचं नाव मोना, म्हणजे सोनेरी केसांची. ह्या डोंगरात बायकोला कोणी जेवढं पुसत नाही, तेवढं तो मोनाला पुसायचा.

"कोमाद्रे, काय काय चढवायचं?"

"सगळं."

"सगळं म्हणजे भिंतीसकट? तुमचा नवरा तरी चढवायचाय, की तो चालत येतोय?"

एलिएसेर हसला नाही. दोघांनी मिळून खाटा, गाद्या, चूल, टेबल, माझं शिवणयंत्र, खुर्च्या उलट्या करून एकावर एक असं रचलं, दोरांनी आवळलं आणि वर कोंबड्यांची पाटी बांधली. जीप एखाद्या गाभण गाईसारखी दिसायला लागली. लुस दारी कोंबडा मांडीवर घेऊन पुढे बसली, तिच्या शेजारी मी, आणि एलिएसेर मागे पायरीवर दोर धरून उभा. निघालो तेव्हा दिवस चांगला वर होता. गावात पोहोचून जेवू असंही मी म्हणाले होते.

सान रोकेचं वळण मागे टाकलं आणि थोड्याच अंतरावर जीप डावीकडे बसली. आधी आवाज झाला, मग तिने मागचा अर्धा भाग रस्त्यावर टेकवल्यासारखं केलं. धारेच्या दगडाने मागचं डावं टायर कडेने चिरलं होतं.

"एवढंच ना?" आर्सेसियो खाली उतरत म्हणाला. "स्टेपनी आहे, पाना आहे, दोन माणसं आहेत. कोमाद्रे, तुम्ही उतरून पाय मोकळे करा."

मी पाय मोकळे केले नाहीत. मी रस्त्याच्या कडेकडे पाहिलं. तिथून खाली, झाडांच्या आत, मारुलांदा होता.

एलिएसेरने पाना नटावर बसवला आणि डावीकडे ओढायला लागला. आर्सेसियोने त्याच्या पाठीवर थाप मारली.

"काय शहरात पोहोचलात का इतक्यात? विलीस आहे ही. डाव्या बाजूचे आटे उलटे. घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवा म्हणजे सुटतं."

"हो की," एलिएसेर ओशाळून म्हणाला.

हे आमच्या डोंगरात पोराटोरांनाही ठाऊक असतं. खालून एखादा शहरी मेकॅनिक येतो, विलीसच्या डाव्या चाकाशी घाम गाळतो आणि सोडवायच्या ऐवजी आवळत बसतो. आम्ही कॉफीच्या पोत्यांवर बसून त्याला थोडा वेळ गाळू देतो आणि मग सांगतो. एलिएसेरच्या डोक्यात त्या दिवशी दुसरंच काहीतरी होतं, म्हणून तो चुकला.

त्याने उजवीकडे जोर लावला. नट हलला नाही. आर्सेसियोने लावला. मग दोघांनी लावला. पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप घालून तो लांब केला आणि एलिएसेर त्यावर उभा राहून नाचला. एक नट करकरला. "सुटला," आर्सेसियो म्हणाला. पण तो तेवढाच हलून पुन्हा बसला, पहिल्यापेक्षा घट्ट.

"गंजलेत," आर्सेसियो म्हणाला. "पावसाने गंजलेत."

"मग रॉकेल टाकू या का?"

"आधी दुसरा बघू."

दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्याचंही. चौथ्याला पाइपवर दोघे चढले आणि नटाखालचा बोल्टच तुटला. एलिएसेर तोंडावर पडला. पाचव्या नटावर पाना घसरला, पुन्हा बसवला, पुन्हा घसरला, आणि नटाचे कोपरे झिजून तो सुपारीसारखा गोल झाला. एलिएसेरच्या बोटांच्या पेरांची कातडी निघाली होती. तो हात पँटला पुसायचा आणि पुन्हा पाना धरायचा, आणि दर खेपेला एकदा मावळतीकडे बघायचा. कासराभर दिवस राहिला होता.

"आपण चालत जाऊ," मी म्हणाले. "सामान राहू दे."

"डोंगराची हद्द म्हणजे खालचा पूल. चालत गेलो तर तो गाठेपर्यंत अंधार पडतो," एलिएसेर म्हणाला.

"आणि मोनाला इथे टाकून मी कुठे जाऊ?" आर्सेसियो म्हणाला. आवाजात थट्टा नव्हती. ज्याला जायचं होतं त्याला मदत करणारा तो एकटाच निघाला होता, आणि त्याची जीप इथे सापडली तर मदत कोणी केली हे विचारायची गरज उरणार नव्हती.

तेवढ्यात खालून मोटरसायकलचा आवाज आला.

दोघे होते. चालवणारा कार्मेलिनाचा येइसन. चर्चमधल्या त्याच्या पहिल्या कम्युनियनच्या विधीचा सदरा मी शिवला होता. गळा मोठा झाला म्हणून त्याने रडून गोंधळ घातला होता. आता त्याच्या गळ्यात बंदुकीचा पट्टा होता. मागे बसलेला माणूस थोराड, अनोळखी, आमच्याकडचा नसलेला. तो उतरला आणि जीपभोवती फिरला. कशाला हात लावला नाही. फक्त पाहत होता.

"अजून इथेच?" येइसन म्हणाला.

"पंक्चर," आर्सेसियो म्हणाला. "नट गंजलेत."

"दिवस बघून पंक्चर होतं तुमचं."

एलिएसेर पाना हातात धरून उभा होता. थोराड माणसाने त्या पान्याकडे पाहिलं, तसा एलिएसेरने तो हळूच जमिनीवर ठेवला. मग त्या माणसाने लुस दारीच्या मांडीवरच्या कोंबड्याकडे बोट केलं, एलिएसेरकडे पाहून. एलिएसेर गेला, मुलीच्या हातातून कोंबडा सोडवला, त्याचे पाय सुतळीने बांधले आणि तो दोन्ही हातांनी त्याला नेऊन दिला, देवळात मेणबत्ती देतात तसा. मुलगी रडली नाही. तिने माझ्या शालीआड हात घातला, एवढंच.

"आम्ही वर जाऊन येतो," येइसन म्हणाला. "परत येऊ तेव्हा इथे दिसू नका, दोन्या नूबिया." दोन्या म्हणून, मानाने, माझं नाव त्याने घेतलं याचा अर्थ चांगला की वाईट, ते मला कळलं नाही.

ते गेल्यावर मी कंदिलातलं रॉकेल एका चिंधीवर ओतलं आणि चाकाशी बसले. नटांच्या बुडाशी रॉकेल मुरायला हवं होतं, म्हणून मी भोवतीचा वाळलेला चिखल पुसून काढायला लागले. चाकाच्या मागे ब्रेकचं भांडं असतं, त्याला आमच्याकडे ड्रम म्हणतात, चाकाचे बोल्ट त्याच्यातच रोवलेले असतात; त्याच्यावरही मी चिंधी फिरवली. पिवळा रंग निघेल असं वाटलं होतं. निघाला हिरवा.

मी आणखी पुसलं. हिरवाच.

ह्या डोंगरात हिरवी जीप एकच होती.

"कोम्पाद्रे," मी म्हणाले, "हे हिरवं कसं?"

आर्सेसियोने पाइप खाली टाकला. तो माझ्याकडे नाही, दरीकडे बघत होता.

"माझा ड्रम फुटला होता," तो म्हणाला. "पावसाळ्याआधी. गावात मिळत नव्हता. इथे खाली एक चांगली जीप पडून होती."

"तुम्ही खाली उतरलात?" एलिएसेर म्हणाला.

"पहाटे उतरलो. दोराने." त्याने तोंडावरून हात फिरवला. "डावी बाजू दगडावर आपटून सपाट झाली होती. उजवीकडचा ड्रम तेवढा धड होता. तो काढला. मग ओब्दुलियोवर दगड रचले. आधी ड्रम काढला कोमाद्रे, मग दगड रचले. उलट सांगून मी चांगला होणार नाही."

माझ्या डोक्यात ते दगडच राहिले. माझ्या नवऱ्याला मात्र दुसरंच काहीतरी कळलं होतं. तो चाकाजवळ गुडघ्यावर बसला.

"उजवीकडचा," तो म्हणाला. "उजवीकडचा ड्रम डावीकडे बसवलाय तुम्ही."

"गावातल्या मेकॅनिकने बसवला. मी तेव्हा बाजारात होतो. त्यानंतर हे चाक उघडलंच नाही."

"मग आटे सुलटे आहेत ह्याचे."

आर्सेसियो त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटली. आम्ही इतका वेळ, शहरातून आलेल्या मेकॅनिकसारखे, नट आवळत बसलो होतो. वर बसून हसणारं कोणी नव्हतं, एवढाच फरक.

आता उलटं ओढायचं होतं, आणि आम्हीच ते दगडासारखं करून ठेवलं होतं. एलिएसेर पाइपवर उभा राहिला, डाव्या बाजूने. आर्सेसियोने त्याचे खांदे धरून खाली दाबले. पहिला नट बंदुकीचा बार निघावा तसा सुटला; आम्ही तिघेही दचकून रस्त्याकडे बघायला लागलो. दुसरा सुटला. तिसरा रॉकेल पिऊन, हातोड्याचे चार टोले खाऊन मग सुटला. चौथ्याचा बोल्ट आधीच तुटला होता, त्याचा प्रश्न नव्हता. राहिला तो झिजलेला, गोल झालेला.

त्याच्यावर पाना धरेना. आर्सेसियोने छिन्नी काढली. नटाच्या कडेला ती तिरपी लावायची आणि टोल्यागणिक नट डावीकडे ढकलायचा, दुसरा उपाय नव्हता. पण छिन्नीवरचा प्रत्येक टोला समोरच्या डोंगरावर आपटून परत यायचा. वरच्या वस्तीवर तो ऐकू जाणार हे आम्हाला ठाऊक होतं.

"चिंधी धर वर," एलिएसेर म्हणाला.

मी छिन्नीच्या डोक्यावर चिंधी धरली. आवाज थोडा दबला. हातोडा दोनदा माझ्या अंगठ्यावर बसला. मी ओठ दाताखाली धरला आणि हात काढला नाही. सूर्य डोंगराला टेकला होता. लुस दारी जीपमध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसून सगळं बघत होती. "आई, उलटं म्हणजे आता सुलटं का?" तिने विचारलं. "हो," मी म्हणाले. "ह्या चाकाला सुलटं. गप्प बस."

नट जरासा हलला. मग आणखी. मग एकदाचा फिरला आणि आर्सेसियोने तो बोटांनी काढून दरीत भिरकावला. चाक उतरवलं, स्टेपनी चढवली, उरलेले तीन नट लावून घट्ट आवळले. ह्या वेळी बरोबर बाजूला. एलिएसेरने जॅक खाली घेतला, आणि तेव्हाच वरून मोटरसायकल आली.

मी चिंधी ड्रमवर टाकली. स्टेपनीच्या आडून ड्रमची हिरवी कड तेवढीच दिसत होती, पण मला सगळा डोंगर हिरवा झाल्यासारखं वाटलं.

येइसन एकटाच खाली उतरला. थोराड माणूस मागच्या सीटवरच बसून राहिला, मांडीवर आमचा कोंबडा. येइसनने जीपवर रचलेल्या सामानाकडे पाहिलं. त्याची नजर शिवणयंत्रावर थांबली.

"हे तेच का?" तो मला म्हणाला.

"तेच."

"अजून चालतं?"

"चालतं."

मग जमिनीवरचा पाना त्याने उचलला. "फक्त तीन नट?"

"दोन गेले," आर्सेसियो म्हणाला. "पण घट्ट आहेत. निघतोच आम्ही."

"तीनच असले तर नीट आवळायला पाहिजेत, डॉन आर्सेसियो. खाली उताराला चाक निघालं तर?" तो खाली वाकला. "माझ्या आजोबांची विलीस होती. डावीकडे उलटं, मला सांगू नका."

त्याने पाना नटावर बसवला, दांड्यावर बूट ठेवला आणि डावीकडे खाली दाबला. नट हलला. "बघा, सैल होता," तो म्हणाला.

आर्सेसियोच्या कपाळावर घाम आला होता. एलिएसेर स्वतःच्या सोललेल्या बोटांकडे बघत होता. सांगायचं तर एवढंच होतं, की पोरा, ह्याचे आटे सुलटे आहेत. मग तो विचारणार, विलीसला सुलटे कसे? आणि विलीसला डावीकडे सुलटे कसे होतात हे ह्या डोंगरात ज्याला कळत नाही असा एकही माणूस नाही. कुठल्यातरी उजवीकडच्या चाकावरून काढलेलं असतं. कुठल्या? कधी? कोणाला विचारून?

त्याने दुसरा नट घेतला. बूट ठेवला. दाबला.

"आई," जीपमधून उतरून माझ्याजवळ येत लुस दारी म्हणाली, "तो तर..."

मी तिचं तोंड माझ्या पोटाशी दाबलं. इतकं घट्ट, की तिचे दात माझ्या कातडीला लागले.

"काय म्हणते?" येइसनने मान वळवून विचारलं.

"कोंबडा मागतेय," मी म्हणाले.

त्याने मागे बसलेल्या माणसाकडे एकदा पाहिलं आणि लगेच नजर फिरवली. "कोंबडा नाही मिळायचा," तो हळू आवाजात म्हणाला, आणि तिसरा नट दाबला. मग उभा राहून त्याने पाना एलिएसेरच्या हातात दिला. पहिल्यांदाच त्याने त्याच्याशी नजर भिडवली.

"जा आता. आणि परत येऊ नका. आलात तर मी काही करू शकणार नाही."

मला त्याचा राग येत नव्हता, हेच मला सहन होत नव्हतं. त्या रविवारी आम्हाला दोनच माणसांनी मदत केली होती. त्यातला एक हा.

आर्सेसियोने मोना सुरू केली. पहिलं वळण येईपर्यंत मागून मोटरसायकलचा दिवा आमच्यावर होता, त्यामुळे थांबता येत नव्हतं. उजवीकडे डोंगर, डावीकडे दरी, आणि दरीकडचं चाक सैल. आधी काही जाणवलं नाही. मग खालून टक, टक असा आवाज यायला लागला, पाळणा हलतो तशी जीप मागून हलायला लागली, वरच्या खुर्च्या एकमेकींवर आपटायला लागल्या. आर्सेसियो चालायच्या वेगाने जीप नेत होता. त्याचे ओठ हलत होते. मी मुलीला दरवाज्याच्या बाजूला घेतलं, म्हणजे वेळ आली तर तिला रस्त्यावर फेकता येईल. मी तिचा काखेतला फ्रॉक मुठीत धरून ठेवला होता. डोंगर सोडायच्या दुःखाने रडेन असं मला वाटलं होतं. ते दुःख कुठे गेलं कोण जाणे, माझं सगळं लक्ष त्या आवाजावर होतं.

वळण आलं. दिवा मागे राहिला. एलिएसेरने मागून पत्र्यावर मूठ आपटली, आर्सेसियोने ब्रेक दाबला, आणि तो पाना घेऊन चाकाखाली शिरला.

"किती आहेत?" आर्सेसियोने कुजबुजत विचारलं.

"दोन. तिसरा बोटाने फिरतोय."

त्याने ते आवळले. उजवीकडे. प्रत्येक नटाला हात लावायच्या आधी तो थांबायचा आणि पुटपुटायचा, "सुलटं. सुलटं."

आम्ही गावात पोहोचलो ते पुलावरून, उजेडाचा शेवटचा अंश असताना. माझ्या मावसबहिणीकडे उतरलो. तिने सूप पुढे ठेवलं, पण कोणाला जेवण गेलं नाही.

सकाळी आर्सेसियो निघाला. मी त्याला म्हणाले, "कोम्पाद्रे, राहा दोन दिवस. चाकाला नट मिळवा, तो ड्रम फेकून द्या."

"ह्या डोंगरात दुसरा कुठून आणू? आणि गाय आहे माझी. तिला कोण पिळणार?"

"त्याने वळणावर थांबवलं तर?"

"थांबवलं तर सांगेन, छान आवळलंस, पोरा." तो हसला. पण मग खाली बसला आणि नाल्यातला ओला चिखल ओंजळीने घेऊन त्याने ड्रमवर थापला. कडेने, मागून, बोटं आत घालून, कुठेही हिरवं राहणार नाही असा. एलिएसेरही त्याच्या शेजारी बसला आणि दोघांनी मिळून ते चाक लिंपलं. मी उभी राहून पाहिलं. काहीच दिसत नव्हतं.

मोना चढाला लागली. ती पुलापलीकडे गेली तेव्हा माझ्या हातावर पहिला थेंब पडला, आणि मग चांगला पाऊस आला. मी बहिणीच्या दारात उभी राहिले. सान रोकेचं वळण गाठायला मोनाला किती वेळ लागतो ते मला माहीत होतं. चिखल धुऊन निघायला किती लागतो, ते माहीत नव्हतं.